±२ अंशांचे ३५.६ कसे होतात?

प्रश्न असा आहे: "बी.एस्सी. करून तुर्भ्याच्या एका औषध कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) लागलोय. आमच्या स्टॅबिलिटी चेंबरची (औषधं ठरलेल्या तापमानाला ठेवून टिकतात का ते बघायच्या कपाटाची) अट २५ ± २ °से अशी आहे. अमेरिकेच्या ग्राहकाला कागद फॅरनहाइटमध्ये हवे होते. मी एक्सेलमध्ये २५ चे ७७ केले आणि २ चे ३५.६. सिनियर हसले, 'अरे असं नसतं' म्हणाले, पण का नसतं ते कोणी सांगितलं नाही. शाळेत तर सूत्र एकच होतं. मग ३२ कधी मिळवायचे आणि कधी नाही? केल्विनच्या २७३ चंही तसंच आहे का?"

सिनियरांनी हसायला नको होतं. हा घोळ फक्त नवख्या मुलांचा नाही. छापील मॅन्युअलमध्ये, कॅलिब्रेशनच्या सर्टिफिकेटांवर, वर्तमानपत्रांच्या बातम्यांतही तो दिसतो. माझं कामच तापमानाची उपकरणं तपासण्याचं आहे. अर्धा आठवडा अंधेरी एमआयडीसीतल्या लॅबमध्ये जातो आणि अर्धा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांमध्ये, त्यामुळे हे प्रकरण माझ्या टेबलावर सारखं येत असतं.

शाळेचं सूत्र बरोबर आहे: फॅ = १.८ × से + ३२. पण या सूत्राने एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. तुम्ही देताय तो आकडा म्हणजे तापमान आहे, असं ते समजतं. तुमचे २५ हे तापमान आहे. तुमचे ±२ हे तापमान नाही, तो दोन तापमानांमधला फरक आहे. दोघांपुढे "अंश सेल्सिअस" असंच लिहिलेलं असतं आणि तिथेच माणूस फसतो.

सूत्रातले दोन आकडे दोन वेगळी कामं करतात. बर्फ वितळतो तो बिंदू सेल्सिअसवर ० आणि फॅरनहाइटवर ३२. पाणी उकळतं ते १०० आणि २१२ वर. म्हणजे तेवढ्याच अंतराचे एकीकडे १०० भाग पाडले, दुसरीकडे १८०. म्हणून सेल्सिअसचा एक अंश म्हणजे फॅरनहाइटचे १.८ अंश. हा १.८ अंशाच्या आकाराचा आकडा. ३२ चा अंशाच्या आकाराशी काही संबंध नाही. मोजायला सुरुवात कुठून केली, एवढंच तो सांगतो. दोन तापमानं वजा केलीत की दोन्हींतले ३२ एकमेकांना खाऊन टाकतात आणि हातात फक्त १.८ उरतो.

करून बघा. २५ चे ७७ होतात, २७ चे ८०.६. वजाबाकी ३.६. खालच्या बाजूला २३ चे ७३.४, ७७ मधून वजा केलं तर पुन्हा ३.६. म्हणजे तुमची अट ७७ ± ३.६ °फॅ. शंका आली की हीच पडताळणी करायची: टॉलरन्स (± चा आकडा) थेट बदलू नका, दोन्ही टोकं नेहमीच्या सूत्राने बदला आणि मग वजा करा. टोकं ही तापमानं असतात, त्यांना सूत्र बिनचूक लागू पडतं. तुमच्या ३५.६ ला हीच परीक्षा लावली असती तर अट ४१.४ ते ११२.६ °फॅ अशी निघाली असती, म्हणजे ५ पासून पार ४५ °से पर्यंत. असं चेंबर ऑडिटरला दाखवायची कोणाची छाती नाही.

समजायला सोपं जावं म्हणून शेजारशेजारच्या दोन चाळींचे जिने घ्या. एका चाळीच्या पायऱ्या ठेंगण्या आहेत आणि त्यांना क्रमांक रस्त्यापासून दिलेत. दुसरीच्या उंच आहेत आणि क्रमांक जोत्यापासून सुरू होतात. "मी कितव्या पायरीवर उभा आहे" हे एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्याच्या भाषेत सांगायचं तर पायरीची उंचीही लागते आणि क्रमांक कुठून सुरू झाले तेही लागतं. "मी किती पायऱ्या चढलो" एवढंच सांगायचं असेल तर पायरीची उंची पुरे.

आता एक्सेल. त्यातलं कन्व्हर्ट फंक्शन तुम्ही दिलेला आकडा नेहमी तापमानच समजतं, त्याला विचारायची सोयच नाही. तुमच्याच कंपनीत कोल्ड रूम असेल, २ ते ८ °से ची. तिथे २ चे ३५.६ हे उत्तर अगदी बरोबर आहे. तोच २, तेच फंक्शन. एका कागदावर ३५.६ खरं आणि दुसऱ्यावर ३.६ खरं. म्हणून फरकाच्या रकान्यात कन्व्हर्ट वापरायचंच नाही, सरळ १.८ ने गुणायचं. आणि रकान्याच्या डोक्यावर "तापमान" किंवा "फरक" असं लिहायची सवय लावा. टॉलरन्स, एरर, करेक्शन, अनसर्टंटी (मोजमापातली अनिश्चितता), हिस्टेरेसिस (हीटर बंद होतो आणि पुन्हा सुरू होतो त्या दोन तापमानांमधलं अंतर), ऑफसेट, ड्रिफ्ट हे सगळे फरक आहेत. सेट पॉइंट (यंत्राला ठरवून दिलेलं तापमान), अलार्मची मर्यादा, रीडिंग ही तापमानं.

राउंडिंगकडेही लक्ष द्या, कारण ३.६ हा आकडा कोणाला आवडत नाही आणि कोणीतरी तो ±४ करतं. ±४ °फॅ म्हणजे ±२.२ °से, तुम्ही गुपचूप अट सैल केलीत. गोल करायचंच असेल तर आतल्या बाजूला करा, ±३.५. कोल्ड रूमचंही तसंच: ३५.६ ते ४६.४ चे ३६ ते ४६ केले तर चालतं, दोन्ही टोकं आत सरकतात. ३५ ते ४७ केलंत तर लस १.७ अंशांवर असतानाही तुमचा कागद "पास" म्हणेल.

माणसं सोडा, यंत्रंही हे चुकतात. बाजारात असे कंट्रोलर आहेत की एकक बदलायचं बटण दाबलं की मेन्यूमधली सगळीच मूल्यं तापमान समजून बदलतात. हिस्टेरेसिस १ °से ठेवलेला असतो, फॅरनहाइटवर गेल्यावर तो ३३.८ दिसतो. मग हीटर सेट पॉइंटच्या जवळपास १९ सेल्सिअस अंश खाली गेल्याशिवाय सुरूच होत नाही आणि लोक हीटरची कॉइल बदलत बसतात. काही कंट्रोलर उलटे: ते हिस्टेरेसिसला हातच लावत नाहीत, १ चा १ च राहतो, म्हणजे प्रत्यक्षात अर्ध्या सेल्सिअस अंशाच्या आसपास, आणि हीटर चालू-बंद करणारा रिले टकटक करत राहतो. एकक बदललं की सेट पॉइंट सोडून बाकीचे पॅरामीटर एकदा डोळ्यांखालून घालायचे. विशेषतः प्रोबचं करेक्शन: सर्टिफिकेटवरचं ०.५ जर मेन्यूत ३२.९ झालं असेल तर तुमचं चेंबर काय दाखवेल याची कल्पना करा.

मुंबईकराला हा फरक खरं तर जन्मापासून माहीत असायला हवा, कारण आपण एकाच दिवशी दोन्ही मापं वापरतो. हवेचा पारा सेल्सिअसमध्ये, पोराचा ताप फॅरनहाइटमध्ये. "सांताक्रूझला ३६" ऐकून आपण पंखा वाढवतो आणि "एकशे दोन आहे" ऐकून डॉक्टरला फोन करतो. मनातल्या मनात कोणी काही रूपांतर करत नाही. पण ताप १०३ वरून १०१ वर आला की "दोन अंशांनी उतरला" म्हणतो, तेव्हा तो सेल्सिअसमध्ये १.१ अंशच उतरलेला असतो. उणे १६.७ नव्हे. शाळेचं सूत्र २ ला लावलं तर मात्र तेच उत्तर येतं.

हवामानाच्या बातम्यांतही हीच गंमत. भारतीय हवामान खात्याच्या निकषानुसार मुंबईसारख्या किनारपट्टीच्या ठिकाणी उष्णतेची लाट म्हणायची तर कमाल तापमान ३७ °से किंवा जास्त हवं आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त हवं. एकाच वाक्यात एक तापमान आणि एक फरक. फॅरनहाइटमध्ये हे वाक्य "९८.६ किंवा जास्त, आणि सरासरीपेक्षा ८.१ ने जास्त" असं होतं. ४.५ चे ४०.१ केलेत तर एप्रिलच्या तेहतीसच्या आसपासच्या सरासरीवर लाट जाहीर व्हायला ५५ °से उजाडावं लागेल. सांताक्रूझचा विक्रम १४ एप्रिल १९५२ चा, ४२.२ °से, म्हणजे १०८ °फॅ. त्या हिशेबाने मुंबईत लाट कधी आलेलीच नाही! २०१५ च्या पॅरिस करारातली १.५ अंशांची मर्यादाही अशीच, ती २.७ °फॅ आहे, ३४.७ नाही.

डोक्यातल्या डोक्यात करायचं असेल तर एक युक्ती सांगतो, तिच्यात ३२ आधी वजा करायचे की नंतर हा प्रश्नच उरत नाही. उणे ४० हा आकडा दोन्ही मापांवर एकच असतो. म्हणून कुठल्याही बाजूने जाताना आधी ४० मिळवा, मग गुणा, मग ४० वजा करा. फॅरनहाइटवरून सेल्सिअसला जाताना गुणायचं ५/९ ने, उलट जाताना ९/५ ने. १०२ घ्या: १४२, गुणिले ५/९ म्हणजे ७८.९, वजा ४०, उत्तर ३८.९. परत या: ७८.९ गुणिले ९/५ म्हणजे १४२, वजा ४०, १०२. उणे आकड्यांना शाळेच्या पद्धतीत बरेच जण हमखास अडखळतात, तिथे ही पद्धत फार बरी. उणे १० °फॅ: ३० गुणिले ५/९ म्हणजे १६.७, वजा ४०, उणे २३.३. आणि कागदाशिवाय सेल्सिअसचं फॅरनहाइट करायचं तर दुप्पट करा, त्यातला दहावा हिस्सा काढा, ३२ मिळवा: ३७ चे ७४, वजा ७.४, ६६.६, अधिक ३२, ९८.६. हे अंदाजे नाही, तंतोतंत आहे, कारण दुपटीचे नव्वद टक्के म्हणजेच १.८.

या ९८.६ बद्दल एक अवांतर. निरोगी माणसाची सरासरी ३७ °से हा आकडा जर्मन डॉक्टर वुंडरलिख यांनी १८६८ मध्ये मांडला. तो पूर्णांकात सांगितलेला ढोबळ आकडा होता. फॅरनहाइटमध्ये नेल्यावर त्याला एक दशांश चिकटला आणि तो दशांश पवित्र झाला; ९८.८ आलं तरी आई हात लावून बघते. रूपांतराने आकडा जास्त अचूक होत नाही, फक्त जास्त अचूक दिसतो. उलट बाजूनेही तेच. केकच्या अमेरिकी कृतीतलं ३५० °फॅ म्हणजे १७६.७, ओव्हनची खुंटी १७५ किंवा १८० वर ठेवा, कृती लिहिणाऱ्याच्या मनात १७६.७ नव्हतंच.

तुमच्या मायक्रो लॅबच्या ऑटोक्लेव्हवरचं (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रावरचं) १२१ हेही असंच पाहुणं आहे. सेल्सिअसमध्ये विचार करणाऱ्याने १२० घेतलं असतं. १२१ आलं कारण मूळ आकडा २५० °फॅ, म्हणजे १२१.१, १५ पौंड दाबाच्या संपृक्त वाफेचं तापमान साधारण तेवढंच असतं. इथे जरा थांबतो, कारण औषध कंपनीत राहिलात तर एफ-नॉट तुम्हाला काढावं लागेल आणि त्या एका सूत्रात दोन्ही प्रकारची रूपांतरं शेजारी बसलेली आहेत.

एफ-नॉट म्हणजे निर्जंतुकीकरणाच्या सायकलमधल्या प्रत्येक मिनिटाला १२१.१ °से च्या किती मिनिटांची किंमत द्यायची त्याची बेरीज. एका मिनिटाची किंमत अशी: १० चा घात, आणि घातात (त − १२१.१) भागिले झेड; त म्हणजे त्या मिनिटाचं तापमान. झेडची ठरलेली किंमत १० °से. म्हणजे तापमान १० अंशांनी खाली आलं की जंतू मारायची ताकद दहा पटींनी घटते. १११.१ ला एक मिनिट म्हणजे खऱ्या हिशेबात ०.१ मिनिट. आता हेच फॅरनहाइटमध्ये लिहायचं आहे. १२१.१ हे तापमान, त्याचे २५० होतात. झेड हा फरक, त्याचे १८ होतात. पण कोणी सूत्र लावून झेडचे ५० केले तर? १११.१ °से म्हणजे २३२ °फॅ. बरोबर झेडने घात उणे १८ भागिले १८, म्हणजे उणे १, किंमत ०.१. चुकीच्या झेडने घात उणे १८ भागिले ५०, म्हणजे उणे ०.३६, किंमत ०.४४. लोडच्या (आत ठेवलेल्या मालाच्या) मधोमध ठेवलेला प्रोब अर्धा तास २३२ वरच अडकला असेल तर खरा एफ-नॉट ३ मिनिटं. चुकीच्या शीटवर तो १३ दिसेल आणि ओव्हरकिलची (गरजेपेक्षा जास्तच तापवून खात्री करायची) नेहमीची १२ मिनिटांची अट पार झाल्यासारखी वाटेल. लोड निर्जंतुक झालेला नाही आणि कागद झालाय म्हणतो. १२१.१ ला पोचल्यावर मात्र दोन्ही शीट एकच उत्तर देतात, कारण घात शून्य होतो; म्हणून ही चूक शीट तपासताना निसटते. व्हॅलिडेशन करताना एक आकडा मुद्दाम १२१ पासून लांबचा घालून बघावा.

आता "प्रति अंश" असलेले आकडे. तिथे फरकच असतो, पण तो खाली भागाकारात बसलेला असतो, म्हणून उलटा चालतो. पीटी-१०० चा (प्लॅटिनमच्या तापमान-प्रोबचा) रेझिस्टन्स दर सेल्सिअस अंशाला साधारण ०.३८५ ओहमने वाढतो. दर फॅरनहाइट अंशाला ०.२१४ ने. म्हणजे १.८ ने भागायचं. लोखंडी रुळाचं प्रसरण, थर्मोकपलचे मायक्रोव्होल्ट, भिंतीतून जाणारी उष्णता, सगळीकडे तसंच.

बीटीयू हा यातला सगळ्यात रोजचा नमुना. मुंबईच्या लोहार चाळीच्या बाजारात एसी बघायला गेलात तर दीड टन म्हणजे १८,००० बीटीयू असं दुकानदार सांगतो. एक बीटीयू म्हणजे एक पौंड पाणी एक फॅरनहाइट अंशाने तापवायला लागणारी उष्णता. त्या व्याख्येत फॅरनहाइटचा अंश दडलेला आहे, पण तो फरक आहे, म्हणून ३२ कुठेच येत नाही: ४५३.६ ग्रॅम गुणिले ५/९, झाल्या २५२ कॅलरी, म्हणजे सुमारे १,०५५ ज्यूल. आणि म्हणूनच पाण्याची विशिष्ट उष्णता कॅलरी-ग्रॅम-सेल्सिअसमध्येही १ आणि बीटीयू-पौंड-फॅरनहाइटमध्येही १. एसीच्या टनाचा वजनाशी संबंध बर्फामुळे आला. २,००० पौंडांचा एक अमेरिकी टन बर्फ २४ तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खेचून घेणारं यंत्र एक टनाचं. पौंडाला १४४ बीटीयू धरून ताशी १२,००० येतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, केल्विन. तिथे गोष्ट सोपी आहे, कारण अंशाचा आकार सेल्सिअसएवढाच ठेवलेला आहे, १.८ ची भानगड नाही. म्हणून फरक असेल तर काहीच करायचं नाही: ±२ °से म्हणजे ±२ के. कॅलरीमापकात पाणी १५ °से ने तापलं तर ते १५ के नेच तापलं, २८८ ने नाही. मोठ्या लॅबच्या सर्टिफिकेटवर रीडिंग °से मध्ये आणि अनसर्टंटी केल्विनमध्ये दिसली तर गोंधळू नका. त्यांनी मुद्दाम तसं लिहिलंय, कारण केल्विनमध्ये लिहिलं की तो फरक आहे हे आपोआप कळतं. मला विचाराल तर तुमच्या एसओपीतही (कामाच्या लेखी पद्धतीतही) टॉलरन्स तसाच लिहावा. तापमान असेल तर मात्र २७३.१५ मिळवायचे. गणिताच्या पेपरात २७३ चालतात. आमच्या कामात ०.१५ म्हणजे फार मोठी चूक. आणि २७३.१६ दिसलं तर ती छापील चूक समजू नका, तो पाण्याचा त्रिक बिंदू आहे (बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र नांदतात ते तापमान), ०.०१ °से. १९५४ पासून केल्विनची व्याख्या त्याच्यावर उभी होती. २० मे २०१९ पासून ती बोल्ट्झमन स्थिरांकावर गेली. तुमच्या चेंबरला त्याने काही फरक पडला नाही. हो, आणि १९६७ पासून केल्विनपुढे अंशाचं चिन्ह लावत नाहीत. ऑडिटर असल्या गोष्टी बरोबर बघतात.

केल्विन सक्तीचा कुठे होतो? जिथे तापमानाचा भागाकार, गुणाकार किंवा घात येतो तिथे. २० आणि ४० °से घ्या. सेल्सिअसवर दुप्पट. तीच तापमानं फॅरनहाइटवर ६८ आणि १०४, म्हणजे दीडपट. केल्विनवर २९३ आणि ३१३, जेमतेम सात टक्के जास्त. वस्तू तीच, गुणोत्तरं तीन; यातलं एकच खरं असू शकतं आणि ते ज्या मापाचा शून्य खरोखरचा शून्य आहे त्याचं. सेल्सिअस आणि फॅरनहाइटचे शून्य माणसांनी सोयीने निवडलेले आहेत. फॅरनहाइटने बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणाचं तापमान ० धरलं. सेल्सिअसने १७४२ मध्ये तर उकळत्या पाण्याला ० आणि गोठणाऱ्याला १०० दिले होते. पुढे कोणीतरी ते उलटवलं म्हणून बरं, नाहीतर आज उन्हाळ्यात पारा उतरला असता.

वायूचं गणित घ्या. २७ °से ला भरलेलं गाडीचं टायर मे महिन्याच्या उन्हात ५४ °से ला पोचलं. सेल्सिअस वापरणारा म्हणेल दाब दुप्पट. केल्विनमध्ये ३०० चे ३२७, दाब नऊ टक्क्यांनी वाढला. पण इथे आणखी एक शून्य फसवं आहे: गेजवरचे ३० पौंड वातावरणाच्या वर मोजलेले असतात. खरा दाब ४४.७, त्याचे नऊ टक्के वाढून ४८.७, गेजवर ३४. तापमानाचा शून्य दुरुस्त केला आणि दाबाचा विसरला तर उत्तर ३२.७ येतं, चुकीचं पण पटण्यासारखं. असली उत्तरंच जास्त त्रास देतात.

तुमच्या खात्यात केल्विन सक्तीचा होतो तो गोदामाच्या मीन कायनेटिक तापमानात. साधी सरासरी कुठल्याही मापात काढा, चालते: २० आणि ३० ची २५, ६८ आणि ८६ ची ७७, दोन्ही एकच. सरासरी हे तापमान असतं, ते नेहमीच्या सूत्राने बदलतं. (स्टँडर्ड डेव्हिएशन हा फरक, तो १.८ ने, व्हेरियन्समध्ये वर्ग आहे, म्हणून तो ३.२४ ने.) पण औषध खराब होण्याचा वेग तापमानाबरोबर घातांकाने वाढतो, म्हणून गरम तासांना जास्त वजन द्यावं लागतं; तशी काढलेली सरासरी म्हणजे मीन कायनेटिक तापमान. सूत्रात सक्रियण ऊर्जा भागिले वायू स्थिरांक असा आकडा येतो, नेहमीच्या ८३.१४४ किलोज्यूल प्रति मोलला तो बरोबर १०,००० के होतो. निम्मा वेळ २० आणि निम्मा वेळ ३० °से असलेल्या गोदामाचं मीन कायनेटिक तापमान २५ नाही, २६.३ येतं. लॉगरच्या (तापमान नोंदवत राहणाऱ्या उपकरणाच्या) फाइलमधले सेल्सिअसचे आकडे तसेच सूत्रात ढकलले तर शीट तरीही काहीतरी आकडा देतं, आणि एखादं रीडिंग ० असेल तरच शून्याने भागल्याची एरर दाखवतं. आपल्याकडे गोदामात शून्य कधी येत नाही, म्हणून ते कोणाच्या लक्षात येत नाही. कोल्ड रूमच्या डेटात मात्र कधीतरी पटकन दिसतं.

अमेरिकी कागदांत कधी रँकिन दिसलं तर बिचकायचं कारण नाही. तो फॅरनहाइटच्या अंशांचा केल्विन आहे. शून्य खरा, अंश लहान. फॅरनहाइटमध्ये ४५९.६७ मिळवले की रँकिन, आणि रँकिनला १.८ ने भागलं की थेट केल्विन, अधिक-वजा काही नाही. तिथे तापमान आणि फरक दोन्ही एकाच पद्धतीने बदलतात, त्यामुळे तुमचं एक्सेलसुद्धा तिथे चुकणार नाही.